तीन पिंपं, एक मांड

आपल्याकडे बांधकामाच्या जागेवर पाण्याने भरलेलं गंजकं पिंप उभं असतं, अगदी तसलंच पिंप. पत्र्याचं, साधारण दोनशे लिटरचं, फक्त दोन्ही तोंडं बंद. अशी तीन पिंपं मऊ मातीच्या मैदानात त्रिकोणात मांडायची, घोड्यावरून भरधाव यायचं, प्रत्येकाला एकेक वळसा घालायचा आणि आलो त्याच बाजूने सुसाट बाहेर पडायचं. अमेरिकेतल्या रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसबांच्या स्पर्धांच्या, मैदानांवरच्या या खेळाचं नाव बॅरल रेसिंग. पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट, त्या दोघांपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट आणि वेळ मोजणाऱ्या रेषेपासून पहिल्या दोघांपर्यंत ६० फूट, असं प्रमाण माप आहे. मैदान लहान असेल तर ही मापं आटतात. उजवीकडचं पिंप आधी घेतलं तर एक वळण उजवं आणि दोन डावी. डावीकडचं घेतलं तर उलट. पूर्ण मापाच्या मैदानावर चांगला घोडा सतरा सेकंदांच्या आसपास हे सगळं आटोपतो. पिंपाला धक्का लागला, ते डुललं आणि उभं राहिलं तर काही बिघडत नाही. पडलं तर पाच सेकंदांचा दंड. जिथे बक्षीस सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतं, तिथे पाच सेकंद म्हणजे त्या दिवसाची स्पर्धा संपलीच.

हा खेळ मुख्यतः बायकांनी उभा केला. १९४८ साली टेक्ससमधल्या सॅन अँजेलो गावात ३८ जणी एकत्र आल्या आणि त्यांनी गर्ल्स रोडिओ असोसिएशन स्थापन केली. रोडिओत आपल्याला शोभेपुरतं न ठेवता खरी स्पर्धा आणि खरं बक्षीस मिळावं, ही त्यांची मागणी होती. १९८१ मध्ये तिचं नाव विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन झालं. आज वर्षअखेरीस लास वेगासला राष्ट्रीय अंतिम स्पर्धा भरते आणि वर्षभरात सर्वाधिक कमाई केलेल्या पंधरा जणी तिथे दहा फेऱ्या धावतात.

पण या प्रकरणात मला त्या पंधरा जणींपेक्षा वेगळ्या एका स्वाराबद्दल लिहायचं आहे. स्वतःचा घोडा स्वतःच तयार केलेल्या स्वाराबद्दल.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराला घोडा सरकारकडून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येई. बॅरल रेसिंगमध्येही असे दोन वर्ग सहज दिसतात. काही जणी व्यावसायिक प्रशिक्षकाने तयार केलेला घोडा मोठी किंमत मोजून घेतात आणि त्याच्यावर बसायला शिकतात. दुसऱ्या जणी दोन वर्षांचं शिंगरू आणतात. त्याला पहिलं खोगीर त्याच घालतात, पहिला लगाम त्याच दाखवतात, तीन पिंपांची वाट चालत, मग दुडकीने, मग दौडत त्याच शिकवतात. या शिलेदार बायका मला जास्त जवळच्या वाटतात आणि त्यांच्या अडचणीही जास्त खोल असतात. विकत घेतलेला घोडा चुकला तर त्याला आधी कुणी काय शिकवलं होतं, असा प्रश्न तरी विचारता येतो. स्वतः घडवलेल्या घोड्याच्या अंगात जे काही आहे, ते सगळं एकाच माणसाच्या अंगातून आलेलं असतं.

एक शनिवार संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. टेक्ससमधलं लहानसं गाव, पत्र्याचं छप्पर असलेलं मैदान, कडेला ट्रेलर लागलेले. स्थानिक जॅकपॉट स्पर्धा आहे. प्रत्येकीने प्रवेश फी भरायची आणि जमलेल्या पैशांतून बक्षिसं वाटायची. तिशीतली एक परिचारिका तिच्या सात वर्षांच्या तांबूस घोडीवर आत येते. घोडी क्वार्टर हॉर्स जातीची आहे. पाव मैलाच्या शर्यतीवरून ज्यांना हे नाव मिळालं ते हे घोडे, आखूड पाठीचे आणि मागच्या पुठ्ठ्यांत दांडगी ताकद असलेले. फाटकातून सुटताना सगळं सुंदर दिसतं. पहिलं पिंप उजवं. तिथे पोहोचायला दोन झेपा उरलेल्या असताना बाईंची नजर पिंपाच्या कडेवर जाऊन बसते. नजरेमागून हनुवटी खाली येते, हनुवटीमागून उजवा खांदा. उजवा हात लगाम घेऊन छातीकडे वर येतो. डावा पाय रिकिबीत पुढे सरकतो. घोडीचा खांदा आत पडतो, बाईंचा गुडघा पिंपावर आपटतो आणि पत्र्याचा पोकळ आवाज मैदानभर घुमतो. बाहेर येऊन ती म्हणते, ही घोडी पहिल्या पिंपाला नेहमी आत घुसते.

घोडीच्या बाजूने विचार करून पाहू. घोड्याच्या कातडीवर माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरते, इतकं त्याचं अंग जागं असतं. त्याच्या पाठीवर पन्नास-साठ किलोंचं माणूस बसलं आहे. जत्रेत खांद्यावर बसवलेलं पोर खेळण्यांच्या दुकानाकडे झुकलं की आपलं पाऊल आपसूक त्याच बाजूला पडतं, कारण तोल सावरायला तिकडेच जावं लागतं. घोडीचंही तसंच होतं. बाई उजवीकडे कलल्या की त्यांच्या वजनाखाली येण्यासाठी घोडी उजवीकडे पाऊल टाकते. शिवाय चार वर्षांच्या सरावात, अगदी संथ चालीतसुद्धा, बाई पिंपाकडे बघून कलत होत्या आणि त्याच क्षणी वळण सुरू होत होतं. तेव्हा वेग नव्हता म्हणून काही बिघडलं नाही. पण घोडीने धडा पक्का केला: कलणं म्हणजे वळणं. आता वेग सेकंदाला दहा मीटर धरला, तर सेकंदाचा एक दशांश भाग आधी कललं की वळण एक मीटर आधी सुरू होतं. पिंपाच्या जवळून जाण्यासाठी ठेवलेली जागाच मुळी मीटर-दीड मीटरची. घोडी आज्ञाधारक आहे आणि म्हणूनच पिंप पडतं.

स्वतः शिकवलेल्या घोड्यावर स्वतःचं तंत्र सुधारायचं तर ही गोष्ट आधी मनाला पटवून घ्यावी लागते. ती पटली नाही तर माणूस घोड्याच्या तोंडातली लोखंडी कडी, म्हणजे बिट, बदलतो, मग अजून कडक बिट आणतो, मग डोकं खाली बांधून ठेवणारी पट्टी आणतो. मैदानांच्या कडेला असे बिटांनी भरलेले खोके मी खूप पाहिले आहेत आणि दर वेळी त्या घोड्यांच्या तोंडांची काळजी वाटली आहे.

सुरुवात नजरेपासून करावी, कारण बाकीचं शरीर नजरेच्या मागे जातं. पिंपाकडे बघणाऱ्याचा घोडा पिंपावर जातो. बघायचं असतं ते पिंपाच्या बाहेरच्या अंगाला, तीन-चार फुटांवर असलेल्या मातीतल्या एका जागेकडे. त्या मोकळ्या जागेला तिकडे पॉकेट म्हणतात. येताना वाट थोडी रुंद, सुटताना अगदी पिंपाला चिकटून. वळणाच्या मध्यावर आलं की डोळे पिंपावरून काढून पुढच्या पिंपाच्या पॉकेटवर न्यायचे, घोड्याचं नाक तिकडे वळण्याच्याही आधी. सांगायला सोपं आहे, करायला फार कठीण, कारण गुडघ्याशी आलेल्या वस्तूकडे न बघणं हे शरीराच्या स्वभावाविरुद्ध आहे. सरावात यावर एक साधा उपाय करता येतो. पिंपाच्या वळणात शिरण्याच्या जागी आणि बाहेर पडण्याच्या जागी मातीवर चुन्याची फक्की टाकायची आणि घोडा चालवत असताना फक्कीकडेच बघायचं. पिंप डोळ्याच्या कोपऱ्यात आपोआप दिसत राहतं. त्याला मुद्दाम शोधावं लागत नाही.

नजरेनंतर मांड. आपल्या भाषेतला हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. खोगिरावर नुसतं बसणं आणि मांड असणं यात फरक आहे. मांड म्हणजे मांड्या, कंबर, पाठीचा खालचा भाग आणि श्वास, सगळं मिळून घोड्याच्या पाठीशी चाललेलं बोलणं. बॅरल रेसिंगमध्ये या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे वळणाआधी वेग आवरण्याचा. तिकडचे लोक त्याला रेट म्हणतात. घोडा थांबवायचा नसतो. पुढे फेकलेलं त्याचं वजन मागच्या पायांवर आणायचं असतं, म्हणजे पुढचं अंग हलकं होऊन वळतं. सरळ धावताना स्वार थोडी पुढे, खोगिरावरून किंचित उठलेली असते. पॉकेटशी आलं की ती खोल बसते, श्वास सोडते, पोटरी सैल करते. ज्या घोड्याला संथ सरावात हे बसणं म्हणजेच आवरणं असं शिकवलेलं असतं, त्याला लगाम जवळजवळ लागत नाही. मात्र जी स्वार सरळ रेषेतही खोगिरावर आदळत बसून येते, तिच्याकडे हा शब्द उरतच नाही. बसणं आधीच वापरून झालेलं असतं, मग ती लगाम ओढते, घोडा तोंड वर करतो, पाठ ताठ होते आणि वळण फाकतं.

किती उशिरापर्यंत थांबायचं याचा एक जुना ठोकताळा आहे: आपला पाय पिंपाच्या रेषेत येईपर्यंत वळण मागायचं नाही. घोड्याचं डोकं आणि मान आपल्या पुढे असतात, त्यामुळे आपल्याला पिंप अजून लांब वाटतं तेव्हा घोड्याचं नाक तिथे पोहोचलेलं असतं. मला विचाराल तर नवख्या स्वारांच्या निम्म्या चुका या अर्ध्या झेपेच्या घाईत असतात.

हातांचं गणित थोडं वेगळं. पिंपांच्या मधल्या धावेत दोन्ही हात लगामावर. वळणाच्या तोंडाशी बाहेरचा हात लगाम सोडून खोगिराच्या पुढच्या उंच खुंटावर जातो. त्याला हॉर्न म्हणतात आणि बॅरलच्या खोगिराला तो मुद्दाम उंच आणि बारीक ठेवलेला असतो, म्हणजे मूठ नीट बसते. पुष्कळ जणी त्या खुंटाला धरून स्वतःला वर ओढतात. ओढलं की खांदे पुढे येतात आणि मांड सुटते. तो खुंट खाली आणि पुढे रेटायचा असतो, म्हणजे बैठक खोगिरात रुतून राहते. आतला हात लगाम धरून खाली, आपल्याच मांडीच्या बाजूला. तो हात मानेच्या पलीकडे ओलांडून गेला की घोड्याचं नाक आत येतं पण बरगड्या आणि खांदा मात्र भलतीकडे सांडतात. लगाम एकसंध, म्हणजे दोन्ही टोकं जोडलेला वापरतात, हात सुटला तरी तो खाली पडू नये म्हणून.

आतला पाय खांबासारखा. घोड्याच्या बरगड्यांना तो आधार देतो, म्हणजे घोडा पिंपाभोवती वाकतो, पिंपावर लोळत नाही. शनिवारच्या त्या बाईंचा उजवा पाय पिंपाच्या भीतीने घोडीपासून दूर झाला होता. खांबच काढून घेतल्यावर छप्पर आत येणारच. टाचा खाली, रिकीब फार लांब नको. लांब रिकिबीत पंजा टेकवायला स्वार पाय ताणते आणि तेवढ्या वेळात वळण निघून जातं.

एक गोष्ट घोड्याच्या पायांची. दौडताना घोड्याचा पुढचा एक पाय दुसऱ्याच्या पुढे पडतो. त्याला लीड म्हणतात. उजव्या वळणाला उजवा पाय पुढे हवा, डाव्याला डावा. उजवं पिंप आधी घेणाऱ्या घोड्याने पहिल्या आणि दुसऱ्या पिंपाच्या मध्ये पाय बदलायचा असतो. तो बदलला नाही तर दुसऱ्या वळणात घोडा स्वतःच्या पायात अडखळल्यासारखा होतो. स्वतः शिकवलेल्या घोड्यांत हा दोष पुष्कळदा दिसतो आणि त्याचं कारणही पुष्कळदा पाठीवर सापडतं: स्वाराचं वजन पहिल्या वळणातून बाहेर पडल्यावरही उजव्याच नितंबावर राहिलेलं असतं. पहिलं पिंप सुटलं की दोन झेपा मधोमध बसायचं, मगच डावीकडचा विचार करायचा.

हे सगळं भरधाव धावून सुधारत नाही. वेगात शरीर जुनीच सवय बाहेर काढतं. अनुभवी स्वार घरी पूर्ण वेगाची फेरी क्वचितच मारतात. त्यांचा बहुतेक सराव चालीचा, दुडकीचा, मोठ्या गोल फेऱ्यांचा, थांबून मागे येण्याचा असतो. स्वतः घोडा घडवणाऱ्यांनी तर त्याहून हळू जावं, कारण इथे शिकणारे दोन आहेत. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्याच्या क्षणातून शिकतो. त्याने बरोबर पाऊल टाकलं त्याच क्षणी लगाम सैल झाला तर त्याला कळतं की हेच हवं होतं. अर्धा सेकंद उशीर झाला की बक्षीस पुढच्या पावलाला मिळतं, आणि ते पाऊल चुकीचं असू शकतं. स्वाराचा तोलच लगामावर टांगलेला असेल तर दाब कधी सुटतच नाही आणि घोड्याचं तोंड हळूहळू बहिरं होतं.

प्रशिक्षक नसलेल्या माणसाला तिसरा डोळा मात्र शोधावा लागतो. फोनवर चित्रण करायला सांगितलं की बहुतेक घरचे लोक फाटकापाशी उभे राहून कडेने काढतात. त्यातून खांदा दिसत नाही. पिंपाच्या सरळ मागे उभं राहून, घोडा समोरून येताना काढलेलं चित्रण हवं, आणि ते संथ करून पाहावं. कोण आधी झुकलं, घोडा की माणूस, ते एका नजरेत कळतं. दुसरा उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुरलेल्या म्हाताऱ्या घोड्यावर बसणं. त्याला वाट पाठ असते. त्यानेही आपल्याखाली पहिल्या पिंपाला आत घुसायला सुरुवात केली तर उत्तर मिळालं. तिसरा उपाय मनाला लागणारा आहे: जाणत्या स्वाराला आपल्या घोडीवर बसवायचं आणि कठड्यापाशी उभं राहून बघायचं. स्वतः वाढवलेल्या जनावराला दुसऱ्याच्या मांडीखाली सरळ जाताना बघणं सोपं नसतं.

याच्याही आधी एक तपासणी करून घ्यावी, आणि याबाबत मी जरा आग्रही आहे. अचानक वळण टाळू लागलेला, पाय बदलेनासा झालेला घोडा दुखण्यामुळे तसं करत असू शकतो. दात, पाठ, खोगिराचं बसणं, नाल, मागच्या पायांचे सांधे हे पशुवैद्य आणि नालबंदाकडून पाहून घेतल्याशिवाय तंत्राच्या नावाखाली त्याला पुन्हा पुन्हा पिंपांवर नेणं हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

घरी घडवलेल्या घोड्याने कुठवर जाता येतं? कोलोराडोच्या क्रिस्टी पीटरसन यांनी बोझो नावाचा घोडा ४०० डॉलरना घेतला आणि स्वतः तयार केला. त्याच्यावर त्यांनी १९९४, १९९६, १९९७ आणि १९९८ अशी चार जागतिक विजेतेपदं मिळवली. टेक्ससच्या हेली किन्सेल यांनी सिस्टर नावाची घोडी स्वतः शिकवली आणि २०१७ मध्ये लास वेगासच्या लहान मैदानावर १३.११ सेकंदांची विक्रमी फेरी मारली. अर्थात प्रत्येक घोडा बोझो नसतो. गावोगावच्या स्पर्धांतली विभागांची पद्धत म्हणूनच मला फार आवडते: सर्वात वेगवान वेळेपासून अर्धा सेकंद मागे असणाऱ्यांचा वेगळा विभाग, एक सेकंद मागे असणाऱ्यांचा वेगळा, आणि प्रत्येक विभागाला बक्षीस. शिलेदारीत उतरलेल्या परिचारिकेला, शाळेतल्या मुलीला, शेतकरणीला त्यामुळे धावत राहता येतं.

आणि मांडीची ताकद काय असते ते १९८५ साली लास वेगासला हजारो लोकांनी पाहिलं. न्यू मेक्सिकोतल्या क्लेटन गावची शार्मेन जेम्स तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचा स्कँपर हा घोडा कुणाला आवरत नाही म्हणून ११०० डॉलरमध्ये मिळालेला. राष्ट्रीय अंतिम स्पर्धेच्या सातव्या फेरीत मैदानात शिरतानाच त्याच्या डोक्यावरचा लगामाचा साज सुटला. वेग घेतलेला होता, थांबायला वेळ नव्हता. नजर, मांड आणि पाय एवढ्यावर तिने तिन्ही पिंपं घेतली, एकही पाडलं नाही आणि ती फेरी जिंकली. त्या जोडीने सलग दहा जागतिक विजेतेपदं मिळवली, १९८४ पासून १९९३ पर्यंत.

आपल्या शनिवारच्या बाईंकडे परत येऊ. रविवारी सकाळी ती घोडीवर खोगीर घालत नाही. तिला कठड्याला बांधते आणि स्वतः पायी तिन्ही पिंपांची वाट चालू लागते. हे अनेक जणी करतात आणि त्यातून पुष्कळ कळतं. पहिल्या फेरीत तिच्या लक्षात येतं की पायी चालतानाही ती दोन पावलं आधी मान खाली घालते. दुसऱ्या फेरीत ती फक्कीकडे बघते आणि पिंपाला तिचा हातही लागत नाही. दहा-बारा फेऱ्यांनंतर ती खोगीर चढवते आणि घोडीला चालीनेच पहिल्या पिंपाकडे नेते. नजर फक्कीवर, उजवा पाय घोडीच्या पोटाशी, हात मांडीपाशी. घोडी सवयीने दोन पावलं आधी आत कलायला बघते. बाई कलत नाहीत. घोडी एक क्षण घुटमळते, पाठीवर काही बदललं आहे हे तिला समजतं, आणि तिचा एक कान मागे, बाईंकडे वळतो.